एका बोंडात दोन विभाजनं

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज, गुरुजन, शेतकरी बंधू-भगिनींनो आणि पुढे सतरंजीवर बसलेल्या दहावी-बारावीच्या मुलांनो,

विषय आहे कायिक पेशी (अंग वाढवणाऱ्या) आणि लैंगिक पेशी (पराग, अंडपेशी) यांच्या विभाजनातला फरक. पहिलं सूत्री विभाजन, दुसरं अर्धगुणसूत्री. मुलांनी वह्या उघडून दोन रकाने आखलेही आहेत. बाळांनो, पेन खाली ठेवा. तो तक्ता तुम्हाला पाठ आहे, आणि माझी तक्रार त्या तक्त्याचीच आहे. ‘सूत्री विभाजनाने बनलेल्या पेशी मातृपेशीसारख्याच असतात’ हे वाक्य वरूड-मोर्शीचा मुलगा दोन गुणांसाठी लिहितो. घरामागच्या पन्हेरीत, म्हणजे रोपवाटिकेत, त्याचे वडील जंभेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, खुंटावर संत्र्याचा डोळा बांधत असतात. तेच वाक्य तिथे चाललेलं आहे, हे त्याला कोणी दाखवत नाही.

जंभेरीचं रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की वीतभराहून थोडं वर सालीला आडवा-उभा काप देतात, चांगल्या झाडाचा डोळा आत सरकवतात आणि पट्टी गुंडाळतात. संत्र्याच्या पेशीत १८ गुणसूत्रं. डोळ्यातली पेशी विभागण्याआधी अठराही गुणसूत्रांची प्रत काढते, मग प्रत्येकाचे दोन अर्ध दोन टोकांना जातात. दोन्ही पेशींना पुन्हा १८. म्हणून झाड मूळ झाडाच्या गुणांवर जातं, अवगुणांवरही जातं. मातृवृक्ष निवडताना हयगय केली तर पुढची वीस वर्षं ती बागेत उभी राहते. खुद्द जंभेरीचंही ऐका: तिच्या एका बीतून दोन-तीन रोपं निघतात, त्यातली बहुतेक आईच्या कायिक पेशींपासून बनलेली असतात. म्हणून तर खुंट एकसारखे मिळतात. वेगळं दिसणारं, फार खुजं रोप पन्हेरीवाला उपटून टाकतो, ते बरोबरच करतो.

आता कपाशीकडे या. एका बोंडात सरक्या किती? वेचणीला जाणाऱ्या बायांनी सांगावं. (मागून आवाज: ‘तीसेक!’) बरोबर, कमी-जास्त तीस.

बीटी संकर वाणात बीटी जनुक (बोंडअळीला मारणारं प्रथिन बनवणारं) बहुधा आई-बापांपैकी एकाकडूनच आलेलं असतं. एका जनुकापुरतं बोलू. पेरलेल्या झाडाच्या प्रत्येक पेशीत ते एका गुणसूत्रावर आहे, जोडीदारावर नाही. पान, पाती, बोंडाचं कवच, सरकीचं टरफल, इतकंच काय कापसाचा धागाही, हे सगळं सूत्री विभाजनाने वाढलेलं. सगळीकडे जनुक आहे. पण फुलात पराग आणि अंडपेशी तयार होताना जोडी फुटते. निम्म्या परागांत जनुक येतं, निम्म्यांत नाही. अंडपेशींचंही तेच. दोन्हीकडून ‘नाही’ येण्याची शक्यता चारात एक. म्हणजे तीस सरक्यांच्या बोंडात सात-आठ सरक्यांच्या गरात बीटी नाही! कवचात आहे, टरफलात आहे, आतल्या गरात नाही.

आणि गुलाबी बोंडअळी काय खाते? सरकीचा गर. तिला एकाच बोंडात बीटी आणि बिनबीटी असं मिश्र खाद्य मिळतं, अर्धवट प्रतिकारक अळ्या तगतात आणि त्यांची पिढी वाढते. आपल्याकडे बीटी सरळ वाणांऐवजी संकरात आलं, हे अळी लवकर सरावण्याचं एक मोठं कारण असल्याचं अनेक शास्त्रज्ञ मांडतात. २००२ मध्ये परवानगी मिळाली, आणि गुलाबी बोंडअळीने बोंडं पोखरली तो २०१७ चा हंगाम इथे कोणाला विसरता येणार नाही.

संकराची सरकी घरी ठेवून पेरली की एक झाड उंच, एक बुटकं, एकाला अळी. कृषी केंद्रात ‘बी ठेवू नका’ एवढंच सांगतात. का ठेवू नये, हे सांगायला हवं. शेतकऱ्याला कारण कळतं. सरळ वाणाच्या जोडीतली दोन्ही गुणसूत्रं जवळपास सारखी असतात, तिथे जोडी फुटली तरी बिघडत नाही. ते बी शुद्ध राखून ठेवता येतं.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. कबूल केलेला भाग भराभर सांगतो, आता पेन उचला.

पराग आणि अंडपेशी ज्याने बनतात त्या अर्धगुणसूत्री विभाजनात प्रत एकदाच निघते, पेशी मात्र दोनदा विभागते. अमेरिकन कपाशीची ५२ गुणसूत्रं आधी २६ जोड्या लावतात. जोडीदार एकमेकांना चिकटून तुकड्यांची अदलाबदल करतात. सूत्री विभाजनात ही जोडी लागतच नाही. पहिल्या विभाजनात जोडीदार वेगळे होतात, प्रत्येकी २६. दुसऱ्यात प्रत्येकाचे दोन अर्ध वेगळे होतात. शेवटी चार पेशी, प्रत्येकी २६. परागाकडे चारही कामी येतात, अंडपेशीकडे बहुधा एकच.

जोडी लागली नाही तर? देशी कपाशीत २६ गुणसूत्रं. तिचा अमेरिकनशी संकर केला की १३ आणि २६ मिळून ३९ होतात. झाड डोलदार वाढतं, कारण सूत्री विभाजनाला जोडी लागत नाही. फुलात मात्र १३ गुणसूत्रं एकटी पडतात आणि झाड वांझ राहतं. माणसात एकविसावी जोडी वेगळी झाली नाही तर बाळाला तीन प्रती मिळतात, तो डाऊन सिंड्रोम. आईच्या वयाबरोबर धोका वाढतो. आणि गडचिरोली-चंद्रपूरकडचा सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार: आई-बाप दोघे वाहक असतील, म्हणजे जोडीतलं एकच जनुक सदोष असेल, तर दर गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक, तेच बोंडातलं गणित. पहिलं मूल आजारी झालं म्हणून पुढची तीन सुटली असं नसतं. विभाजन दर वेळी नव्याने होतं. म्हणून लग्नाआधी दोघांचीही रक्ततपासणी करा, एकट्या मुलीची नको.

प्रयोगाचं राहिलं. सूत्री विभाजनासाठी कांद्याची दोन-तीन सेंटीमीटरची मुळं सकाळी आठ-दहाच्या दरम्यान कापा आणि एक भाग ॲसेटिक आम्ल, तीन भाग अल्कोहोल यात दिवसभर ठेवा. रंगवताना काच दिव्यावर फक्त कोमट करा, उकळली की पेशी गेल्या. शेवटचं दोन-तीन मिलिमीटरचं टोकच घ्या. वर घ्याल तर नुसत्या लांबट, स्वस्थ पेशी दिसतील. दुसऱ्या विभाजनासाठी कांद्याच्याच गोंड्यातल्या बारीक, बंद कळ्या घ्या. परागकोश पिवळे झाले असतील तर विभाजन उरकलेलं आहे, त्याहून लहान कळी फोडा.