विमानातली नोकरी आणि अंगावर काढलेली दुखणी
(गोव्यातील पेडणे येथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. मोपा विमानतळ जानेवारी 2023 मध्ये सुरू झाला आणि आपल्या पेडण्यात घरोघरी विमानातल्या नोकरीची चर्चा होऊ लागली. इथे बसलेल्या बऱ्याच मुलामुलींना केबिन क्रूमध्ये जायचंय. मी हे काम अनेक वर्षं केलं, आता नव्या क्रूला शिकवते. पगार, गणवेश, देशोदेशी फिरणं याबद्दल तुम्हाला सगळे सांगतीलच. मी आज शरीराबद्दल बोलणार आहे.

विमान हवेत हिसके खायला लागतं तेव्हा प्रवासी पट्टा बांधून बसलेला असतो आणि क्रू उभा असतो. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाची 2009 ते 2022 या काळातली आकडेवारी बघा: हिसक्यांमुळे गंभीर जखमी झालेल्या 163 जणांपैकी 129 विमानातले कर्मचारी होते. विमान एकदम खाली जातं, उभा माणूस छतावर आपटतो आणि लगेच पायांवर कोसळतो. म्हणून घोटे मोडतात, मणक्याला मार बसतो. शेपटीकडच्या गॅलीत, म्हणजे विमानातल्या छोट्या स्वयंपाकघरात, हे हिसके सर्वांत जोरात बसतात, आणि क्रूचं निम्मं काम तिथेच चालतं.

आपल्याकडचा पाऊस भयंकर दिसतो खरा, पण पावसाचे ढग निदान रडारवर दिसतात. रडार पाण्याचे थेंब टिपतं. निरभ्र आकाशातले हिसके त्याला दिसत नाहीत. त्यामुळे पट्ट्याचा दिवा लागेपर्यंत थांबू, हा हिशेब कायम जुळेलच असं नाही.

आता ट्रॉली. भरलेली ट्रॉली तुमच्या-माझ्यापेक्षा जड असते. गोवा-मुंबई विमान हवेत असतं जेमतेम तासभर. 180 प्रवासी, चार क्रू. तेवढ्यात खाणंपिणं द्यायचं, कचरा गोळा करायचा आणि उतरण्याआधी सगळं जागच्या जागी बंद करायचं. म्हणून विमान अजून चढत असतानाच ट्रॉली बाहेर निघते. नाक वर असतं, फरशी चढाची झालेली असते आणि मागच्या गॅलीतून पुढे जाणारी मुलगी ते ओझं चढावर ढकलत असते. मी वर्गात आधी पाय बघते. ट्रॉलीला खाली दोन पेडल असतात, लाल दाबलं की ब्रेक लागतो, हिरवं दाबलं की सुटतो. दर थांब्याला लाल दाबायचंच, एका कपापुरतं थांबलात तरी. घाईत पहिली सुटते ती हीच सवय.

आणि मोठा हिसका बसला तर? ब्रेक लावा, गरम पाण्याचं भांडं खाली फरशीवर ठेवा आणि मिळेल त्या आसनावर बसा. आसन नसेल तर फरशीवर बसा, आसनाचा दांडा घट्ट धरा. सगळं आवरून मग बसते, असं म्हणू नका. प्रवाशाचा चहा राहिला तर राहू दे. हे मी ओरडून सांगते, कारण आपल्या मुली कामाला चोख असतात आणि तोच चोखपणा अशा वेळी घात करतो.

आता मला सर्वांत जास्त खुपणारी गोष्ट. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे हाड मोडलं किंवा 48 तासांहून जास्त इस्पितळात राहावं लागलं, तर ती गंभीर दुखापत ठरते. घोटा मोडला तर मोजला जातो. पण वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या बॅगा वरच्या कप्प्यात चढवून खांदा गेला, ट्रॉली ओढून कंबर धरली, ओव्हनच्या कडेचा मनगटाला चटका बसला, यातलं काही त्या आकड्यांत येत नाही. मुली गोळी घेतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उडतात. सर्दी झालेली असताना उडतात, उतरताना कानाचा पडदा फाटतो, तरी सुट्टी मागत नाहीत, कारण न उडण्याचे पैसे कापले जातील ही भीती असते. ती भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. कंपन्यांनी आजारपणात उड्डाणभत्ता कापणं बंद केलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

तोवर तुमच्या हातात एक गोष्ट आहे. दुखलं की त्याच फेरीत कॅप्टनला सांगा आणि उतरल्यावर घरी जाण्याआधी लेखी अहवाल द्या: कुठल्या उड्डाणात, काय उचलताना, शरीराच्या कुठल्या भागाला. एक प्रत स्वतःकडे ठेवा. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि दुखापत कामावर झाली हे केसपेपरवर लिहून घ्या. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या नुकसानभरपाईच्या 1923 च्या कायद्यातही कर्मचारी कोणाला म्हणायचं हे सांगताना विमानातल्या क्रूचा उल्लेख होता, म्हणजे हक्क नवा नाही. पण उद्या भरपाई मागायची वेळ आली, तर तुमची कंबर घरी पाणी भरताना धरली नाही, हे दाखवायला हेच कागद लागतील.