पटाशीची पाठ

नमस्कार, श्रोतेहो.

मागच्या वर्षी घरातल्या पुस्तकांसाठी मी स्वतःच सागवानी मांडणी करायला घेतली आणि त्यासाठी बाजारातून चार पटाश्यांचा एक चकचकीत संच आणला. पोलाद आरशासारखे, मुठी लालभडक, किंमत बेताची. पहिल्याच दिवशी लाकडातल्या गाठीवर अर्ध्या इंची पटाशीची धार मुडपली. कुरुंदाच्या दगडावर पुन्हा लावली, पुन्हा मुडपली. उताराची, म्हणजे धारेकडची तिरकी, बाजू घासून घासून पटाशी आखूड झाली, तरी तेच. शेवटी वैतागून मी उताराचा नाद सोडला आणि पटाशीची मागची सपाट बाजू, म्हणजे तिची पाठ, तासभर दगडावर घासत बसलो. त्यानंतर मात्र त्याच पटाशीची धार टिकू लागली. असे का व्हावे, हे कोडे मनात घेऊनच मी गेल्या पावसाळ्यात ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात शिरलो. तिथे सुतारकामाच्या पटाश्या आणि खाचा पाडायची किंकरी तयार होतात. मालकांचे नाव मी सांगणार नाही, कारण रेडिओवरून जाहिरात केल्यासारखे होईल, अशी त्यांचीच हरकत होती.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ सालची, आणि वागळे इस्टेट ही त्याच्या सर्वांत जुन्या वसाहतींपैकी एक. आज तिथल्या कित्येक कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती आणि संगणकाची कार्यालये उभी आहेत. ऐन दुपारी गाळ्यातून येणारा पोलाद घासल्याचा आवाज ऐकला, की आता त्याचेच नवल वाटते.

हे कारखानदार पोलाद कळंबोलीच्या बाजारातून आणतात. बेअरिंगसाठी वापरतात ते हे पोलाद. व्यापारी त्याला ‘ई एन ३१’ म्हणतात. त्यात सुमारे १ टक्का कार्बन आणि त्याहून थोडे अधिक क्रोमियम असते. आपल्याकडचे लोहार ट्रकच्या स्प्रिंगचे जुने पाटे घेऊन हत्यारे घडवतात, तेही पोलाद वाईट नसते; मात्र त्यातला कार्बन बराच कमी असल्यामुळे त्याची कडक, बारीक धार तितकी टिकत नाही. घडाईचे काम बाहेरून करून येते, कारण घणाचा दणका शेजारच्या गाळ्यांना सोसत नाही.

खरे काम सुरू होते ते पाणी देण्यापासून, म्हणजे तापलेले पोलाद झटकन निववून कडक करण्यापासून. ‘पाणी’ हा शब्द आपण लोहाराकडून घेतला, पण इथे पाणी नव्हे, कोमट केलेले तेल असते. विजेच्या भट्टीत पटाश्या सुमारे ८३० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, सांडशीने एकेक उचलून सरळ उभी तेलात सोडतात आणि वरखाली हलवत राहतात. आडवी सोडली तर एक बाजू आधी निवते आणि पटाशी वाकते. तेलातून निघालेले पोलाद इतके कडक असते, की फरशीवर पडले तर त्याचा टवका उडू शकतो. म्हणून ते पुन्हा २०० अंशांच्या आसपास दोन तास ठेवून त्याचा ठिसूळपणा उतरवतात. कोपऱ्यात कडकपणा मोजण्याचे रॉकवेल यंत्र आहे. ते हिऱ्याचे टोक १५० किलोच्या भाराने पोलादात रुतवते आणि किती रुतले त्यावरून आकडा देते. या गाळ्यातून ६० च्या आसपासचा आकडा आल्याशिवाय पटाशी पुढे जात नाही.

मी माझे कोडे सांगितले, तेव्हा भट्टीवरचे वयस्कर कारागीर हसले आणि म्हणाले, “सर, तुम्ही चुकून बरोबर केलंत.” तापलेल्या पोलादाच्या वरच्या पातळ थरातला कार्बन भट्टीतल्या हवेमुळे जळून जातो आणि तो थर मऊच राहतो, ते त्याला ‘मेलेली कातडी’ म्हणत होते. आता गंमत अशी, की पटाशीची धार उतार आणि पाठ जिथे मिळतात तिथे असते, म्हणजे ती नेमकी पाठीच्या कातडीतच असते. उतार कितीही घासला, तरी पाठीवरची मऊ कातडी जागेवरच राहते आणि धार पुन्हा पुन्हा तिच्यातूनच निघते. ही कातडी काढता यावी म्हणून घडाईच्या वेळी जाडी थोडी जास्त ठेवावी लागते आणि पाणी दिल्यावर पाठीवरून अर्धा मिलिमीटरपर्यंत पोलाद उतरवावे लागते. कडक झालेले पोलाद उतरवणे वेळखाऊ असते, वर घासताना सतत पाणी सोडावे लागते. घाई केली की पोलाद तापून धारेजवळ निळा डाग पडतो आणि त्या जागचा कडकपणा गेला म्हणून समजावे. स्वस्त मालात पाठ घासण्याऐवजी कापडी चाकावर चमकवतात. त्यात निळे डाग झाकले जातात, कातडी तशीच राहते आणि शिवाय पाठीच्या कडा गोल होतात. माझ्या संचाची आरशासारखी चकाकी म्हणजे ही न झालेल्या कामाची पावती होती, हे मला तिथे उमगले. या गाळ्यातल्या पटाश्यांच्या पाठीवर घासल्याच्या बारीक रेषा दिसतात, आणि त्या पाहून काही दुकानदार ‘फिनिशिंग नाही’ म्हणून माल परत करतात, अशी मालकांची तक्रार आहे.

मुठी शिसवाच्या. काठीला जशी शेंबी असते, तसे मुठीला पितळी कडे असते. ठाण्याच्या पावसाळ्यात लाकूड फुगते आणि मार्चनंतर आकसते, तेव्हा कडे सैल होते. म्हणून लाकूड दोन पावसाळे मुरवल्याशिवाय ते मुठीला घेत नाहीत. तयार पटाशी जुलैच्या हवेत एका रात्रीत गंजू शकते, त्यामुळे ती लगेच तेलात बुडवून कागदात गुंडाळतात.

मी एक किंकरे मागितले. मालकांनी चार काढले, प्रत्येकाच्या पाठीवर पोलादी पट्टी उभी धरून उजेडाकडे पाहिले आणि एक बाजूला ठेवले. मला त्यात काहीच दिसले नाही. “मध्ये केसभर उजेड आहे,” ते म्हणाले आणि ते किंकरे त्यांनी पुन्हा घासायच्या टोपलीत टाकले. उरलेल्या तिघांतले एक मी घेतले. माझ्या त्या चकचकीत संचाच्या तिप्पट दराने ते पडले, पण मांडणीच्या उरलेल्या सगळ्या खाचा मी त्यानेच पाडल्या आणि मध्ये फक्त एकदा दगड हातात घेतला. निघताना त्यांनी बजावले होते, की एप्रिलमध्ये कडे हलू लागले तर टाकून देऊ नका, घेऊन या. एप्रिल सरला, मी कडे बोटांनी फिरवून पाहिले, ते अजून घट्ट आहे.

नमस्कार.