समोरची तलवार

नमस्कार मंडळी, आज तुम्हाला एका काठीबद्दल सांगायचंय. नोकरीच्या निमित्ताने मी चार वर्षं जपानमध्ये फुकुओकाला होतो, तिथे ऑफिस सुटलं की संध्याकाळी जोदो, म्हणजे काठीची जपानी युद्धकला, शिकायला जायचो. जो म्हणजे काठी, साधारण 128 सेंटिमीटर लांब, अडीच सेंटिमीटरला जरा कमी जाड, पांढऱ्या ओकची, ना मूठ ना पातं, दोन्ही बाजू सारख्या. इकडे सांगितलं की लोक म्हणतात अरे मग आपली लाठीकाठीच की! दिसायला तसंच वाटतं, पण जोदोत समोरच्याकडे तलवार असते, सरावात लाकडी, आणि काठीची प्रत्येक हालचाल त्या तलवारीला उत्तर म्हणून असते.

तिकडे असं सांगतात की मुसो गोन्नोसुके नावाचा योद्धा मियामोतो मुसाशी या नामांकित तलवारबाजाकडून हरला, होमान डोंगरावर जाऊन राहिला आणि तिथे स्वप्नात त्याला ही काठी सुचली. ही झाली दंतकथा, पण फुकुओकाच्या कुरोदा सरदारांकडे ही विद्या पिढ्यानपिढ्या शिकवली गेली हे मात्र खरं. नंतर 1968 साली ऑल जपान केंदो फेडरेशनने (केंदो म्हणजे जपानी तलवारबाजी) त्यातून सगळ्यांसाठी 12 काता, म्हणजे जोडीने करायचे ठरलेले हालचालींचे क्रम, ठरवल्या, आम्ही त्याच करायचो.

मला महिनोन्‌महिने एकच गोष्ट जमत नव्हती, हिकिओतोशी. काठी मागे नेऊन तलवारीच्या पात्यावरून घासत अशी खाली आणायची की तलवार बाजूला उडाली पाहिजे. मी खांद्याचा जोर लावायचो आणि नुसतं टक्क वाजायचं. कंबर वळली आणि काठी हातातून सरकली की आवाजच बदलतो, कोरडा, खणखणीत.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. जोडीने काता करताना तलवार सीनियरकडे असते आणि कातामध्ये हरतो तोच. आमचे सेन्सेई, म्हणजे गुरुजी, सत्तरी ओलांडलेले, रोज संध्याकाळी आमच्यासारख्या नवख्यांसमोर उभे राहायचे, खराखुरा वार करायचे, आणि हरायचे. आपण काठी त्यांच्या दोन डोळ्यांच्या मधोमध, बोटभर अंतरावर थांबवायची. ते पापणीसुद्धा हलवायचे नाहीत.

एकदा मी घाई केली आणि काठी सरळ त्यांच्या मनगटावर बसली. हात लगेच सुजला, मला तर बोलताच येईना. त्यांनी मनगट दोनदा फिरवून बघितलं, तलवार उचलली, म्हणाले "मो इक्काइ", म्हणजे पुन्हा एकदा, आणि या वेळी अर्धं पाऊल आणखी जवळ येऊन उभे राहिले.