सिंहस्थातला साधू, कॉलेज रोडवरचा साधू

इंटरनेटवर निनावी राहायचंय, असं कोणी म्हणालं की मी आधी विचारतो, कोणापासून? घरच्यांपासून, ऑफिसपासून, जाहिरातवाल्यांपासून की सरकारपासून? कारण इथला प्रत्येक थर कोणा एकापुरताच आडोसा करतो.

व्हीपीएन घ्या, म्हणजे तुमचं सगळं इंटरनेट आपल्या सर्व्हरमधून कुलूपबंद नेणारी सेवा. तुम्ही कुठल्या साइटवर जाताय ते तुमच्या इंटरनेट कंपनीला दिसेनासं होतं, पण व्हीपीएनवाल्याला दिसायला लागतं. भरवसा एका दुकानातून उचलून दुसऱ्यात ठेवला, एवढंच. त्यात सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने 28 एप्रिल 2022 च्या आदेशात या कंपन्यांना ग्राहकांचं नाव-पत्ता 5 वर्षं जपून ठेवायला सांगितलं. काही मोठ्या कंपन्यांनी त्यावर भारतातले सर्व्हरच गुंडाळले.

पुढचा थर टॉर, म्हणजे तुमचा माग लपवायला तुमचं इंटरनेट एकामागून एक वेगवेगळ्या संगणकांतून फिरवणारं जाळं. मूळ कल्पना अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतली, 1990च्या दशकातली, नाव 'ओनियन राउटिंग'. नाशिकहून लासलगाव इतक्या जवळ असताना कांद्याचे पापुद्रे तुम्हाला मी काय समजावणार! वाटेत तीन मुक्काम असतात. पहिल्याला तुम्ही कुठून आलात ते कळतं, कुठे निघालात ते नाही. तिसऱ्याला याच्या उलट. मधल्याला दोन्ही नाही. मात्र तिसऱ्यापासून पुढचा रस्ता टॉरच्या हाती नाही. साइटला एचटीटीपीएस, म्हणजे मजकुरावरचं कुलूप, नसेल, तर तो तिसरा सगळं वाचू शकतो. 2007 मध्ये एका स्वीडिश संशोधकाने असे शेवटचे मुक्काम स्वतः चालवले आणि बऱ्याच वकिलातींचे ईमेल पासवर्ड त्याच्या हाती आयते पडले.

आता डिसेंबर 2013. हार्वर्डच्या एका विद्यार्थ्याने परीक्षा टाळायला बॉम्बच्या धमकीचे ईमेल धाडले. टॉर लावलेलं, ईमेलचा पत्ताही तात्पुरता. टॉर कुठेच फुटलं नाही, हे लक्षात घ्या. मेल टॉरमधून आलाय एवढं तपासात कळलं, मग त्या सुमारास विद्यापीठाच्या वायफायवरून टॉर कोणी वापरलं ते पाहिलं गेलं. हा त्यात सापडला आणि विचारल्यावर त्याने कबूलही केलं. सिंहस्थात रामकुंडावर भस्म फासलेला साधू कोणाच्या लक्षात राहतो? तोच मे महिन्यात कॉलेज रोडवर कॉफी प्यायला बसला, तर संध्याकाळपर्यंत गावभर होईल. वेश तोच, गर्दी नाही. टॉर ब्राउझरची खिडकी मोठी करू नका म्हणतात, तेही याचसाठी; खिडकीचं माप साइटला दिसतं. सगळ्यांसारखं दिसण्यातच लपणं आहे.

माझंच सांगतो. सोसायटीची पाण्याची टाकी वर्षभर धुतली नव्हती. सेक्रेटरींशी वाकडं नको, म्हणून निनावी मेल करायचं ठरवलं. अख्खी संध्याकाळ घालवली. पेनड्राइव्हवरून टेल्स नावाची ऑपरेटिंग सिस्टिम चालवली, म्हणजे संगणक बंद केला की मागे काही उरत नाही. टॉरमधून नवा ईमेल उघडला. वायफाय घरचं नको, म्हणून नातेवाइकांकडे जाऊन बसलो. टाकीसाठी! (हशा)

वडील तलाठी होते. त्यांचे अर्ज वाचत मी मोठा झालो. मेलमध्ये 'सबब' हा शब्द तीनदा आला होता, ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. लिफ्टपाशी सेक्रेटरी भेटले. म्हणाले, "सर, रविवारी टाकी धुवून घेतो. सबब, काळजी नसावी."