उलटा प्रश्न विचारला आणि जीपीएस जन्माला आलं

नमस्कार मंडळी! ऑक्टोबर १९५७. सोव्हिएत रशियाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडलाय आणि अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत विल्यम गाइअर आणि जॉर्ज वायफेनबाख त्याची बीप-बीप ऐकत बसलेत. आगगाडी जवळ येताना शिट्टी चढी लागते, लांब जाताना उतरते, तसंच याचंही होत होतं. त्या चढउतारावरून दोघांनी उपग्रहाची कक्षा काढली, तीही जमिनीवर एकाच जागी बसून!

पुढच्या वर्षी त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्लूर यांनी विचारलं: आता उलटं करा. उपग्रह कुठे आहे ते माहीत आहे, मग ऐकणारा कुठे आहे ते सांगता येईल का? मला या सगळ्या कथेतला हाच क्षण सगळ्यात मोठा वाटतो. अमेरिकी नौदलाला पोलारिस क्षेपणास्त्रं वाहणाऱ्या आपल्या पाणबुड्यांचा ठावठिकाणा हवाच होता. त्यातून 'ट्रान्झिट' ही उपग्रहांवरून जागा सांगणारी यंत्रणा उभी राहिली आणि १९६४ पासून वापरात आली. पण उपग्रह डोक्यावरून जाईपर्यंत वाट बघायची! विमानाला ते कसं परवडणार?

म्हणून १९७३ मध्ये जीपीएसची आखणी झाली. इथे मोजायचा तो उपग्रहाचा संदेश पोचायला लागलेला वेळ, आणि त्यावरून अंतर. उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर, आणि त्याचा संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो. घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकलं, तर अंतर ३०० मीटरने चुकतं! उपग्रहात अतिशय अचूक अणुघड्याळ असतं, आपल्या फोनमध्ये साधं. त्याची चूक शोधायलाच चौथा उपग्रह लागतो; नाहीतर तीन उपग्रहांपासूनच्या अंतरांवरूनच जागा सापडली असती.

आणि आइन्स्टाइन इथेही आहेच. गुरुत्वाकर्षण कमी, म्हणून वरचं घड्याळ पुढे पळतं; वेगामुळे थोडं मागेही पडतं. हिशेब करून दिवसाला ३८ मायक्रोसेकंद (सेकंदाचे दहा लाखावे भाग) पुढे. ते तसंच सोडलं, तर एका दिवसात अंतरात दहा किलोमीटरहून जास्त घोळ होईल. म्हणून ही घड्याळं जमिनीवरच मुद्दाम किंचित मंद लावून पाठवतात.

घड्याळाचा फटका आपल्यालाही बसला. इस्रोच्या 'नाविक' या भारताच्या स्वतःच्या जागा सांगणाऱ्या यंत्रणेतल्या पहिल्या उपग्रहाची, २०१३ च्या आयआरएनएसएस-१ए ची, तिन्ही परदेशी रुबिडियम अणुघड्याळं बंद पडली. उपग्रह वर फिरतोय, पण त्याच्यावरून जागा सांगता येत नाही! मग अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरने स्वतःचं अणुघड्याळ बनवलं, आणि २९ मे २०२३ ला एनव्हीएस-०१ हा नवा उपग्रह ते घेऊन श्रीहरिकोट्याहून वर गेला.