आमच्याकडे वसंतात पानं गळतात

(परदेशातल्या आमच्या मराठी मंडळाच्या वसंत मेळाव्यातलं भाषण. संकेतस्थळासाठी मीच थोडं आवरलं आहे.)

नमस्कार मंडळी.

सचिवांनी मला विषय दिला होता 'वसंत ऋतू आणि आपली संस्कृती'. संस्कृतीवर बोलतील अशी जाणकार माणसं समोरच बसली आहेत, त्यांच्यापुढे मी काय बोलणार? मी आपली गेल्या वर्षीच्या पाच आठवड्यांची गोष्ट सांगते.

२०२५ च्या मार्चमध्ये आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि मी दोन्ही मुलींना घेऊन माहेरी गेले. माहेर म्हणजे अमळनेर तालुक्यातलं एक खेडं. खान्देश म्हणजे नेमका कुठला भाग, असं इथे मला बऱ्याच जणांनी विचारलं आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार. मी प्राथमिक शाळेत होते तोवर धुळे आणि नंदुरबार एकच जिल्हा होता. १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळं झालं आणि आमच्या गुरुजींनी पुस्तकातल्या नकाशावर पेनानं रेघ मारायला लावली. माझी रेघ वाकडी गेली आणि अर्धी तापी नंदुरबारला मिळाली.

थोरली सात वर्षांची, धाकटी चार. थोरलीच्या शाळेनं रजा दिली ती एका कागदासकट. त्यावर चार चौकोन. 'स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या वसंताच्या चार खुणा काढा.' वर कोपऱ्यात नमुन्याला ट्यूलिप, कोकरू आणि पक्ष्याचं घरटं छापलेलं. पोरगी कागदाच्या बाबतीत भलतीच काटेकोर आहे. दुसऱ्याच दिवशी सकाळी ती पाटी-पेन्सिलीच्या ऐटीत ओट्यावर बसली आणि थोड्या वेळानं आत येऊन म्हणाली, "आई, इथे वसंत नाहीये. इथे शरद आहे."

मी बाहेर येऊन पाहिलं. अंगणातल्या निंबाची पानं भुरुभुरु गळत होती. पिवळी, सुकलेली, अंगणभर. पलीकडच्या पारावरचा पिंपळही निम्मा उघडा. तिचं काहीच चुकलं नव्हतं. इकडच्या शाळेत शिकवतात की पानं गळली म्हणजे शरद, आणि आमच्याकडे निंब, पिंपळ, पळस नेमके होळीच्या तोंडावर उघडे होतात. वीस वर्षं मी त्या झाडाखाली वाढले, पण हे कधी डोक्यात आलं नव्हतं. पानं गळायची, मी झाडू घ्यायची, एवढंच.

आई खाटेवरून म्हणाली, "आंगन झाडी झाडी मन्ही कंबर गयी, आनि हाई काय सांगी राहिनी?" मी समजावून सांगितलं. तिनं नातीला उत्तर दिलं, "पाडवाले देखजो."

तोपर्यंत कागद कोरा ठेवायला थोरली तयार नव्हती. होळीच्या आदल्या आठवड्यात आम्ही चोपड्याला मावशीकडे गेलो. तापीच्या पुलापलीकडे केळीच्या बागा सुरू होतात; कडक उन्हात ती हिरवी गार भिंत पाहून धाकटी म्हणाली, "इथे पाऊस पडलाय." पुढे सातपुड्याच्या पायथ्याला पळस. एकही पान नाही आणि झाडभर केशरी फुलं. पहिला चौकोन भरला. तिकडे पावरा-बारेला आदिवासींचा होळीआधीचा भोंगऱ्या बाजार भरला होता. ढोल असा की छातीत वाजतो. धाकटीनं दोन्ही कान दाबून माझ्या ओढणीत डोकं खुपसलं, आणि घरी आल्यावर तीन दिवस धान्याचा रिकामा डबा बडवला.

होळीला मामानं दोघींच्या गळ्यात साखरेचे हार घातले, हातात साखरेची कंगनं. धाकटीचं कंगन पाव तासही टिकलं नाही. थोरलीनं हार जपून ठेवला, दुसऱ्या चौकोनात काढला आणि मग खाल्ला. धुळवडीचं काही सांगत नाही. ते रंग माझ्या कानामागून निघायला आठवडा लागला.

आता कुरडयांचं सांगते. माझ्या मते मुलींचा वसंत तिथेच झाला.

आईचं ऑपरेशन होळीनंतर चार दिवसांनी झालं. डॉक्टरांनी बजावलं होतं, महिनाभर धूर नको, धूळ नको, खाली वाकायचं नाही. आमच्याकडे हा महिना म्हणजे चुलीपुढे वाकण्याचाच. कुरडया, पापड, शेवया, ज्वारीचे बिबडे, सगळं याच उन्हात वाळतं आणि वर्षभर पुरतं. "मंग मी काय करू?" आईनं डॉक्टरांनाच विचारलं. त्यांनी आराम करायला सांगितलं. तिनं काळा चष्मा लावला, ओट्यावर खुर्ची टाकली आणि तिथून आम्हाला राबवलं.

गहू तीन दिवस भिजत घातला. रोज पाणी बदलायचं. हे काम थोरलीकडे, कारण आईच्या डोळ्यांत थेंब घालायच्या वेळाही ती वहीत लिहीत होती आणि त्याच पानावर 'पाणी' असा एक रकाना वाढला. तिसऱ्या दिवशी गव्हाला आंबूस वास सुटला. धाकटीनं नाक धरलं आणि आजी घाणेरडं खायला घालते असं बाबांना व्हिडिओ कॉलवर कळवलं. मग वाटणं, पिळून चोथा काढणं, चीक रात्रभर बसू देणं.

चौथ्या दिवशी पहाटे साडेचारला चूल पेटली. दहानंतर उन्हात उभं राहवत नाही, म्हणून हे काम पहाटेचं. भाभी आणि शेजारच्या काकू आलटून पालटून चीक ढवळत होत्या. तो असा घट्ट होत जातो की शेवटी दोघींनी मिळून लाकडी दांडा फिरवावा लागतो. आवाजानं पोरी उठल्या. वाटीत गरम चीक, वर दूध आणि साखर. मी म्हटलं, आता नाक धरतील. धाकटीनं दोन वाट्या खाल्ल्या आणि तिसरीसाठी काकूंच्या मागे मागे फिरली.

आमचं घर धाब्याचं, मातीच्या सपाट छपराचं. धाब्यावर दोन खाटा चढवल्या, त्यांवर ओली धोतरं अंथरली आणि सोऱ्यातून कुरडया पाडल्या. माझी पहिली कुरडई पाहून भाभी काही बोलली नाही, नुसती हसली. खालून आई विचारत होती, "पातळ तं नही ना?" तिला दिसत नव्हतं, पण सोऱ्या किती जोरानं दाबतोय ते आमच्या धापा टाकण्यावरून कळत असावं.

राखणीला दोघी बहिणी. हातात काठी, डोक्याला माझा रुमाल. कावळा आला की "हाड्या, हाड्या!" अर्ध्या तासानं धाकटी खाटेखालच्या सावलीत झोपून गेली आणि थोरलीनं एकटीनं किल्ला लढवला. इथे तिला दात घासायला तीनदा सांगावं लागतं. तिथे ऊन डोक्यावर येईपर्यंत ती जागची हलली नाही. काम खरं असलं की मुलांना कळतं, असं मला वाटतं. माझ्या नवऱ्याचं म्हणणं आहे की हातात काठी होती म्हणून.

मी दुपारपासून ऑफिसचं काम करायची. ३० मार्चला पाडवा होता आणि त्याच दिवशी इकडे उन्हाळी वेळेसाठी घड्याळं तासभर पुढे गेली. म्हणजे इथली नऊची मीटिंग तिकडे दीडला असायची ती सोमवारपासून साडेबाराला आली, ऐन जेवणाच्या वेळी. त्या आठवड्यात सहकाऱ्यांनी माझ्या मागून जाणारी भाकरीची टोपली रोज पाहिली. एकानं फार आदरानं विचारलं, तुमच्याकडे रोज पाहुणे असतात का?

आणि पाडव्याच्या सकाळी गुढीला बांधायला निंबाचा डहाळा तोडला तर त्याला तांबूस कोवळी पालवी आणि पांढऱ्या फुलांचे बारीक तुरे. अंगणभर गोडसर वास. तेच झाड. थोरलीनं आजीकडे पाहिलं. आजीनं काळ्या चष्म्याआडून एवढंच विचारलं, "देखं का?" तिसऱ्या चौकोनात तिनं झाड काढलं: अर्ध्या भागात गळणारी पानं, अर्ध्या भागात फुलं. मला अजूनही वाटतं, ते चित्र कुणीतरी नीट पाहायला हवं होतं. त्याकडे पुढे येते.

एक गोष्ट ठरवून केली नव्हती. पुण्यात शिकायला गेले तेव्हा वसतिगृहात माझ्या 'माले'ची टिंगल झाली आणि महिन्याभरात मी 'मला' म्हणायला शिकले. मुलींशी मी अहिराणी कधी बोलले नाही. नवरा सांगलीचा, त्यामुळे कुणाला खटकलंही नाही. एप्रिलमध्ये परत येताना मुंबईच्या विमानतळावर, सुरक्षा तपासणीच्या रांगेत, धाकटी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माले भूक लागनी." पुढची बाई वळून पाहायला लागली. मी तिला 'मला' म्हण असं सांगितलं नाही. पिशवीतून भाजलेला बिबडा काढून दिला.

आम्ही निघालो तेव्हा आखाजी अजून जवळजवळ तीन आठवडे लांब होती. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. सासरी गेलेल्या लेकी या सणाला माहेरी येतात, गौराई बसते, झाडाला झोके बांधतात, आणि झोक्यावर बसून गाणी म्हणतात. त्या वर्षी आखाजी ३० एप्रिलला होती आणि आमचं तिकीट त्याआधीचं. आईनं एकदाच विचारलं, तारीख बदलते का. मी शाळेचं कारण सांगितलं.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी उठून पाहते तर निंबाला दोर. आईनं पुतण्याला सांगून झोका बांधून घेतला होता, आणि दोघी त्यावर. शेजारच्या काकूंनी भिंतीवरून हटकलं, "आखाजी उनी का वं?" म्हणजे, आली का गं?

आई म्हणाली, "मन्हा घर उनी."

मग मीही बसले. दोर जुना होता, पण टिकला.

तर तो कागद. चौथ्या चौकोनात थोरलीनं धाब्यावरची खाट काढली होती, तिच्यावर ओळीनं कुरडया, आणि काठी घेतलेली स्वतः. परत आल्यावर कागद शाळेत दिला. झाड पाहून बाईंनी बाजूला लिहिलं, 'ऋतू पुन्हा तपास.' आणि खाटेवरच्या गोल गोल, गुंतवळ्यासारख्या कुरडयांपुढे मोठी बरोबरची खूण करून लिहिलं, 'किती सुंदर घरटी!'

थोरलीनं तो शेरा मला दाखवला. मी म्हटलं, उद्या जाऊन सांगूया का बाईंना? ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, "नको. त्यांना मग अंडी कुठे आहेत ते विचारायचं राहील."