आधी काठी रोवा, मग तंबू

श्रोतेहो, नमस्कार.

भातकापणी आटोपली, पहाटे दव पडायला लागलं की आपल्याकडे मुक्कामाचे बेत सुरू होतात. आज मी बोलणार आहे नदीकाठच्या मुक्कामाबद्दल. गाडी लावली, दोन पावलं चाललो आणि तयार तंबूत शिरलो, असा मुक्काम नव्हे. सामान पाठीवर घ्यायचं, चालत जायचं आणि जिथे वीज नाही, नळ नाही, संडास नाही अशा जागी एक रात्र काढायची, तो मुक्काम.

हंगाम नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. पावसाळ्यात हा बेत करायचाच नाही. रायगड जिल्ह्यात भिऱ्याजवळच्या देवकुंडासारख्या ठिकाणी पावसाळ्यात प्रशासन बंदी घालतं, ती तिथे बुडून गेलेल्या तरुण पोरांमुळे. ती पाळायची. मार्च लागला की याच दऱ्या भाजून काढतात. २०१७ च्या मार्चअखेरीस भिऱ्याला ४६.५ अंश तापमानाची नोंद झाली होती. म्हणून पुन्हा सांगते, नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

जागेची चौकशी आधी करायची. जमीन वनखात्याची असेल तर त्यांची परवानगी, शेतकऱ्याची असेल तर त्याची. अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय रात्र काढता येत नाही. हे सगळं तुम्ही कराल, मला खात्री आहे. पण एक प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. तो प्रश्न असा: या नदीला वर काय आहे? वर म्हणजे उगमाच्या दिशेला. धरण आहे का, वीजघर आहे का, बंधारा आहे का? हा प्रश्न मला ज्यांनी शिकवला त्यांची गोष्ट आज सांगते.

आम्ही रायगड जिल्ह्यातल्या कुंडलिका नदीच्या काठी गेलो होतो, रवाळजे गावाच्या खालच्या अंगाला. माझी बहीण, तिचा दहा वर्षांचा मुलगा आणि आम्ही तिघी मैत्रिणी. गावातल्या एका शेतकऱ्याने त्याच्या बांधावर राहायला परवानगी दिली होती. वाट दाखवायला कातकरीवाडीतले एक दादा आले. त्यांचं सगळं आयुष्य या नदीवर मासे आणि खेकडे धरण्यात गेलेलं. कापलेल्या खाचरांतून, मग करवंदीच्या जाळ्यांमधून उतरत आम्ही पाण्याशी पोचलो, तेव्हा उन्हं कलायला लागली होती.

समोर काय सुंदर जागा होती! सपाट, मऊ वाळू, एका बाजूला पाठ टेकायला मोठा कातळ आणि पाणी घोट्याएवढं. भाच्याने पिशवी तिथेच टाकली. दादांनी ती उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि म्हणाले, "ताई, इथं नको. वर चला."

भाचा हिरमुसला. म्हणाला, "का पण? पाणी तर किती लांब आहे!"

दादांनी त्याला रागावलं नाही. त्याचा हात धरला आणि त्या कातळाशी नेलं. कातळावर साधारण त्याच्या छातीच्या उंचीवर एक आडवी रेघ होती. रेघेखाली दगड काळपट, बुळबुळीत. रेघेवर पांढुरका, कोरडा. मग त्यांनी एका झुडपाकडे बोट केलं. फांद्यांमध्ये गवताच्या काड्या, सुतळीचा तुकडा आणि वेफर्सची रिकामी पिशवी अडकली होती, सगळी त्याच रेघेच्या उंचीवर. आणि काठावरचं गवत? ते एकाच दिशेला, समुद्राकडे, विंचरल्यासारखं निजलेलं. दादा म्हणाले, "हे पावसाचं नाय. पाऊस जाऊन दोन महिनं झालं. हे कालचं हाय."

भाच्याने वर आभाळाकडे पाहिलं. एक ढग नव्हता.

मग दादांनी कोयत्याने निरगुडीची कमरेएवढी काठी तोडली. तिच्यावर खालपासून वरपर्यंत चार-चार बोटांवर खाचा केल्या. प्रत्येक खाच दोन घावांत, अगदी सारखी. काठी त्यांनी पाण्याच्या कडेला रोवली, बुडाशी दगड रचले आणि भाच्याला सांगितलं, "ही तुझी. सकाळी उठलास का पयली हिला बघ."

आम्ही वर आंब्याखाली, बांधावर तंबू लावले. पाणी आणायला तीसेक पावलं उतरावं लागायचं, पण रात्र निवांत गेली. सकाळी भाचा सगळ्यांच्या आधी उठून बसला. काठी होती तशीच होती. चहा झाला, भांडी घासून झाली, ऊन काठावर आलं. तरी काही नाही. तो मला म्हणाला, "मावशी, दादांचं चुकलं बहुतेक."

दादा तिथेच उकिडवे बसले होते. त्यांनी फक्त पलीकडच्या काठावरचा बगळा दाखवला. तो दगडावरून उठला आणि वरच्या दगडावर जाऊन बसला. थोड्या वेळाने पाण्याचा आवाज बदलला. खळखळ होती, तिची एकसारखी घरघर झाली. पाण्यावर सुकी पानं आणि फेसाचे पुंजके वाहत आले. आणि मग काठीवरची पहिली खाच दिसेनाशी झाली. भाचा मोठ्याने मोजायला लागला. एक गेली. दोन गेल्या. तिसरी मोजेपर्यंत चौथी गेली. काल ज्या दगडावर बसून त्याने पाय धुतले होते, तो दगड नव्हताच तिथे. ज्या वाळूवर तो तंबू लावणार होता, तिथून तपकिरी पाणी जोरात धावत होतं आणि आमची काठी थरथरत होती. ती शेवटी आडवी झाली आणि गेली वाहत. वरती आभाळ तसंच, निळं स्वच्छ.

भाच्याने दादांना विचारलं, "हे पाणी कुठून आलं?" दादा म्हणाले, "घाटावरून. लाईटीचं पाणी."

श्रोतेहो, दादांचं ते उत्तर अक्षरशः खरं आहे. मुळशीच्या धरणात अडवलेलं पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून मोठ्या नळांतून जवळपास अर्धा किलोमीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात सोडतात. हे वीजघर १९२७ पासून मुंबईला वीज पुरवतंय. तिथून ते पाणी कुंडलिकेत येतं, वाटेत पुन्हा अडतं, पुन्हा सुटतं आणि कोलाड, रोहा करत रेवदंड्याला समुद्राला मिळतं. कोलाडला लोक हिवाळ्यात-उन्हाळ्यातसुद्धा राफ्टिंग करतात ते याच सोडलेल्या पाण्याच्या जिवावर. म्हणजे मुळशीला अडवलेलं मुळा नदीचं पाणी, जे पुण्यावरून भीमेत, कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जायचं, ते इथे अरबी समुद्राला जातं. या धरणाच्या पाण्याखाली ज्यांची गावं आणि भातखाचरं गेली, त्या मावळ्यांसाठी १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह उभा केला होता. माझं तर म्हणणं आहे, रायगड-पुण्याच्या शाळांनी वर्षातून एक दिवस मुलांना मुळशीपासून कोलाडपर्यंत हे पाणी दाखवत न्यावं. आपल्या घरातला दिवा कोणाच्या शेतावर पेटला, ते मुलांना कळलं पाहिजे.

असो. मूळ मुद्दा धरून ठेवा: वर काय आहे ते विचारा. आभाळ कोरडं आहे म्हणून नदी तशीच राहील, असं समजू नका. गावात विचारा पाणी कधी सुटतं, आणि वेळ सांगितली तरी तिच्यावर विसंबू नका. कातळावरची रेघ बघा, झुडपातला कचरा बघा, गवत कुठे निजलंय ते बघा. तंबू त्या रेघेच्या बऱ्याच वर लावा. काठी रोवा. मुलं बरोबर असतील तर त्यांच्याच हातून रोवून घ्या.

आता बाकीचं भराभर सांगते. नदीचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी गाळून, उकळी फुटल्यावर मिनिटभर खळखळू देऊन मगच प्यायचं. वर गुरं बसतात, कपडे धुतले जातात. शौचाला पाण्यापासून निदान ऐंशी पावलं दूर जायचं, वीतभर खड्डा करायचा, मातीने बुजवायचा. भांडी आणि अंघोळ साबण लावून नदीत नाही. बादलीभर पाणी वर न्यायचं.

झाडाच्या फांद्यांवर आणि कातळाच्या कपारीत आधी नजर टाका. आग्या मोहोळ असेल तर तिथे थांबूच नका. धूर गेला, अत्तराचा वास गेला की त्या माश्या उठतात आणि मैलभर पाठ सोडत नाहीत. स्वयंपाकाला छोटा स्टोव्ह न्या, ओलं झाड तोडू नका. काय न्यायचं हे तुम्हाला मी काय सांगणार? भाजणी, मेतकूट, पिठल्याचं पीठ प्रत्येक घरात आहे. झटपट शेवयांची पाकिटं मात्र नेऊ नका असं मला मनापासून वाटतं. वाडीत आदल्या दिवशी निरोप दिला तर तांदळाच्या गरम भाकरी मिळतात, आणि चार पैसे त्या घरात जातात.

आणि गाणी वाजवणारा तो डबा घरी ठेवा. कृपा करून घरी ठेवा. पाण्याचा आवाज बदलला तो आम्हाला ऐकू आला, कारण तिथे दुसरा आवाज नव्हता.

बूट रात्री तंबूच्या आत, सकाळी झटकून मगच पाय घालायचा. सापाने डंख केला तर कापणं, चोखणं, घट्ट आवळणं यातलं काहीही करायचं नाही; माणसाला शांत ठेवायचं, हलू द्यायचं नाही आणि उचलून दवाखान्यात न्यायचं. १०८ वर रुग्णवाहिका येते, पण दरीत फोनला रेंज नसते. म्हणून रेंज कुठे मिळते ती जागा उतरतानाच बघून ठेवा. कुठे जाताय, कोणाच्या बांधावर राहताय आणि किती वाजेपर्यंत परत फोन कराल, हे कागदावर लिहून घरी द्या. त्या वेळेपर्यंत फोन आला नाही तर घरच्यांनी गावच्या पोलीस पाटलांना कळवायचं. पाटलांचा नंबर त्याच कागदावर लिहा.